राहिलेले वीस टक्के

या खेपेला बॅटऱ्या काठोकाठ चार्ज झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असं गुरुप्रसादनं ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडायला सुरुवात झाली. (माणसानं ठरवू नये. विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्यात ज्याची हयात गेली, त्यानं तर मुळीच ठरवू नये.)

गाडी म्हणजे एका शाळेची म्हातारी झालेली पिवळी मिनीबस. गुरुप्रसादनं ती विकत आणली, आतली बाकं उपटली, पलंग ठोकला, ओट्यासारखी फळी बसवली. छोटा फ्रिज, पंखा, छताला दिव्यांची माळ अशी सगळी हौस करून ते चाकांवरचं घर त्यानं फुलेवाडीतल्या आपल्या खऱ्या घरासमोर उभं केलं. इंजिनाची बॅटरी वेगळी. ती म्हणजे एका डावात कुस्ती मारणारा गडी, एक झटका दिला की मोकळा. पलंगाखालच्या दोघी थोरल्या बॅटऱ्या मात्र तशा नव्हत्या. दिवे, पंखा, फ्रिज असा सगळा संसार त्यांनी रात्रभर न कुरकुरता ओढायचा होता.

ही हौस त्याची एकट्याची नव्हती. त्याची बायको अवंतिका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. शाळा, तपासायचे पेपर, स्वयंपाक, सासू, नवरा या सगळ्यांच्या हाकांना ओ देता देता एकदा कपडे वाळत घालताना ती स्वतःशीच म्हणाली होती, “कुठंतरी जाऊन नुसतं बसावं. कुणी हाक मारू नये.” गुरुप्रसाद छत्री विसरतो, किल्ली विसरतो, सासरेबुवांचं नावही एकदा विसरला होता. हे वाक्य मात्र तो विसरला नाही.

पहिली सहल पन्हाळ्याची झाली. चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि गुरुप्रसाद निघाला. वर पोचल्यावर त्याची आई, म्हणजे माई, आंबा चिरायला बसल्या. तेवढ्यात पंख्यानं सुस्कारा टाकला. दिवे पिवळे झाले, मग तांबूस झाले, मग राहिलेच नाहीत. अंधारात माईंनी साबणाची वडी चिरली आणि सगळ्यांना एकेक फोड वाढली.

घरी आल्यावर अवंतिका म्हणाली, “अहो, कोपऱ्यावरचा केरबा परवा विचारत होता. त्याला बसमध्ये वडापावचं दुकान काढायचंय. अजून एकदा बघू. नाही जमलं तर देऊन टाकू.”

“पण हिरवा दिवा लागला होता!”

“तुमचा चार्जर साधा आहे. त्याचा हिरवा म्हणजे ऐंशी टक्के. तेवढं झटपट भरतं. राहिलेले वीस टक्के बॅटरी हळूहळू पिते. तिथं घाई चालत नाही, आणि ते वीस सोडून दिले तर दर वेळी ती आणखी थोडी मरते.”

“म्हणजे बासुंदीच की!” माई म्हणाल्या. “दूध उकळायला कितीसा वेळ लागतो? वेळ लागतो तो आटायला. आणि हा उकळी आली की पातेलं उचलून पळतो.”

गुरुप्रसादनं चांगला चार्जर आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून बसमध्ये नेली आणि रजा टाकली. चार्जरबरोबर मिक्सर लावला की मेन स्विच पडायचा, म्हणून मिक्सर बंद. इस्त्री बंद. गिझर बंद. माईंनी माळ्यावरून पाटा-वरवंटा काढला. चार्ज होताना बॅटरीतून गॅस सुटतो, तिथं ठिणगी नको, म्हणून बसच्या सगळ्या खिडक्या उघड्या. माई बसला उदबत्ती ओवाळायला निघाल्या, तर गुरुप्रसाद दोन्ही हात पसरून दारात आडवा झाला.

बॅटरीचं मन ओळखायला एक काचेची नळी असते. तिनं आतलं ॲसिडाचं पाणी ओढून घ्यायचं आणि नळीतली कांडी किती वर तरंगते ते बघायचं. कांडी वर म्हणजे बॅटरी भरली. गुरुप्रसाद दर थोड्या वेळानं ही नळी प्रत्येक भोकात घालून बघायचा. (एकदा हात हलला. तेव्हा काहीच दिसलं नाही. पँट धुऊन आली तेव्हा गुडघ्यावर गाळणी झाली होती.)

पण खरं सांगायचं तर ते दिवस त्याला फार गोड गेले. बसच्या पलंगावर पडून कान दिला की खालून मंद बुडबुड ऐकू यायची, कुठं तरी लांब डोंगरात झरा वाहावा तशी. उघड्या खिडक्यांतून वैशाखातलं वारं यायचं, शेजारच्या आंब्याची सावली छतावर हलायची, आणि गुरुप्रसाद तिथल्या तिथं निघायचा. फाटक मागे पडायचं. रस्ता वर वर चढायचा. गगनबावड्याला ढग उतरून खिडकीशी आलेले असायचे, अवंतिकाच्या हातात चहाचा कप, आणि कुठंही कसलाही आवाज नाही.

“गुरू! मिक्सर लावू का?” ढगातून माई विचारायच्या.

“नको!” तो ढगातूनच ओरडायचा.

अशाच एका सकाळी फाटकापाशी उभं राहून त्यानं बॅटरीच्या दुकानदाराला फोन लावला. कुंपणापलीकडे पिराजी झाडांना पाणी घालत होता. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, मनानं चांगला, कानानं त्याहून चांगला. त्याला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

“हो, जुनी आहे हो, पण अजून दम आहे... परवा अगदीच मान टाकली होती. आता रात्रंदिवस लावून ठेवलंय... नाही, घाई करत नाही. एकदम दिलं तर पोट फुगेल म्हणालात ना... पाणी घातलं थोडं. गॅस फार होतोय. वास येतो जरा... दुसरी? दुसरी तशी बरी आहे. काय? एक गेली की मागोमाग दुसरीही जाते? बरं बरं. मग दोन्ही एकदमच बदलू.”

पिराजीच्या हातातली नळी एकाच जास्वंदीवर थांबली. जास्वंद वाहून जायची वेळ आली तेव्हा तो भानावर आला आणि त्यानं गडहिंग्लजला माईंच्या धाकट्या भावाला, अंबादासमामांना, फोन केला. गडहिंग्लजच्या गाडीवर त्यानं वर्षानुवर्षं चाक धरलं होतं. मामा त्याचे जुने प्रवासी.

“मामा, माईचं काय खरं न्हाय. मान टाकलीया. आन् वयनी बी जाणार म्हणं मागोमाग. सायेब तर दोनी बदलायचं म्हणत्यात!”

दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. मामा, मामी, मामांची सून आणि शहाळ्यांचं पोतं उतरलं. मामी रिक्षातूनच रडत आल्या होत्या. दार माईंनी उघडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत शेंगदाण्याच्या चटणीनं लाल.

“अंबादास? अरे, असा अचानक? कोण गेलं रे?”

“तू!” मामा म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले.

गुरुप्रसाद बसमधून धावत आला. गुडघ्याला गाळणी, हातात नळी. ती बघून मामी आणखी जोरात रडल्या.

“सायेब, तुमीच म्हणालासा की फोनवर,” पिराजी कुंपणावरून ओरडला, “मान टाकली म्हणून!”

“अहो, बॅटरीनं!”

“बॅटरीला कुठली मान आलीया? आन् दुसरी बी मागोमाग जाणार, दोनी बदलू म्हणालासा!”

“आणि मागोमाग जाणारी दुसरी कोण?” अवंतिकानं शांतपणे विचारलं. ती विज्ञानाची शिक्षिका होती, तिला मुळाशी जायची सवय.

“दुसरी बॅटरी गं!”

“आणि बदलायचं काय चाललं होतं?”

गुरुप्रसादनं तेही समजावून सांगितलं, पण त्याला स्वतःलाच ते पटण्यासारखं वाटेना.

सगळे पोट धरधरून हसले, आणि हसून भूक लागली. मामींनी पदर खोचला, मसाला वाटायला घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत मिक्सरचं बटण दाबलं. खट्! घर गप्प झालं. पंखे गप्प. आणि बसमधली ती बुडबुडही गप्प झाली.

गुरुप्रसाद पलंगाच्या काठावर जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांसमोर केरबा दिसायला लागला. पलंगाच्या जागी त्याची कढई, आणि माळेखाली टांगलेली पाटी, ‘गरमागरम’. अवंतिका दारात येऊन त्याच्याकडे बघत राहिली. मग घरात गेली. तिनं फ्रिज बंद केला, टीव्ही बंद केला, पंखेसुद्धा बंद केले, मेन स्विच वर केला आणि पाहुण्यांना सांगितलं, “आज सगळे अंगणात. यांच्या बॅटऱ्या भरल्याशिवाय घरात कुणी बटणाला हात लावायचा नाही.”

संध्याकाळी अंगणात सतरंज्या पडल्या. मामी वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या, पिराजी शहाळी सोलत होता, आणि नकळत सगळेच हळू बोलायला लागले, घरात बाळ निजलेलं असावं तसे. मामांनी बसमध्ये जाऊन वाकून कान दिला. “जेवलेल्या माणसागत वाजतंय रे,” ते कौतुकानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुप्रसादनं नळी घातली. कांडी वर आली. दुसऱ्या भोकात, तिसऱ्या भोकात, सगळीकडे कांडी अशी डौलात तरंगत होती, जशी रंकाळ्यात होडी. चार्जरनंही आपण दमल्याची खूण केली. गुरुप्रसादचे डोळे भरून आले. (ॲसिडाच्या वासानंही येतात, पण ते असू दे.)

“अंबादास, आलाच आहेस तर मला घेऊन चल गडहिंग्लजला,” माईंनी पिशवी भरली. “या दोघांना जाऊ दे जिकडं जायचं तिकडं.”

बालिंगा गेलं, कळे गेलं, रस्ता वळणं घेत चढत गेला. अवंतिकानं खिडकीवर डोकं टेकलं होतं. गगनबावड्याच्या अलीकडे एका गोठ्याशेजारी मोकळी जागा दिसली. गोठ्याची मालकीण चिमणाबाई म्हशीला वैरण टाकत होती. “लावा की पावणं,” ती म्हणाली, “जागा काय मी उरावर घिऊन जानार हाय व्हय?”

दिवेलागण झाली. गुरुप्रसाद याच क्षणासाठी जगला होता. त्यानं माळ लावली. पंखा लावला. फ्रिज लावला. ओट्यावरचा दिवा, पलंगावरचा दिवा, दारावरचा दिवा. ती पिवळी बस डोंगरात जत्रेतल्या दुकानासारखी झगमगली. तो हात मागे बांधून उभा राहिला.

“अहो,” खिडकीतून अवंतिका म्हणाली, “दिवे घालवा जरा.”

“का? भरपूर आहे चार्ज!”

“घालवा तर.”

त्यानं माळ बंद केली. समोरच्या झाडावर एक हिरवट ठिपका लुकलुकला. त्यानं उरलेले दिवे बंद केले. ठिपक्याशेजारी ठिपके आले. थंडी होतीच, पंखा बंद केला. फ्रिजची घरघर नकोशी झाली, तोही बंद केला. आणि मग त्या अंधारात झाडच्या झाड उजळलं. हजारो काजवे एकाच श्वासात पेटत होते, एकाच श्वासात विझत होते. शेजारचं झाड त्याला ओ देत होतं, त्यापलीकडचं तिसरं. खाली दरीत ढग साचले होते आणि त्यांच्यावरून तो उजेड पाण्यावरून वाहावा तसा सरकत होता. अवंतिका पाय वर घेऊन नुसती बसली होती. कुणीही हाक मारत नव्हतं. तिनं डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं.

“फुल्ल आहेत हं अजून,” गुरुप्रसाद हळूच म्हणाला.

“कळलं,” ती म्हणाली, पण डोकं तिथंच राहिलं.

एवढ्यात बाहेर पावलं वाजली.

“ओ पावणं! आत हायसा न्हवं?” चिमणाबाईचा आवाज. “मगाशी क्येवढा झगाट व्हता! म्या म्हनलं, लगीनघरच आलंय दारात. आन् घटकाभरात समदं गपगार. आमचं मालक म्हनत्यात, शेरातली मानसं घर घिऊन हिंडत्यात, पर चार्जिंग करायचं तेवढं इसरत्यात.”

गुरुप्रसाद ताडकन उठला. “अहो बाई, पूर्ण चार्ज आहे! शंभर टक्के! आम्हीच बंद केलंय सगळं!”

चिमणाबाईनं अंधारातच अवंतिकाकडे बघितलं. नवऱ्यांच्या बाबतीत बायका एकमेकींकडे बघतात तसं.

“व्हय व्हय,” ती समजुतीनं म्हणाली. “आमचं मालक बी हिरीवरची मोटार जळली की असंच म्हनत्यात.” आणि तिनं हातातला टॉर्च गुरुप्रसादच्या मुठीत कोंबला.

“धरा ही माजी बॅटरी. सकाळी द्या माघारी. फुल चार्ज हाय.”