शेंगदाणे नसलेलं दुकान

कांतीशेठ बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांकडे बघतात. आपण साखर मागावी, तर ते काट्यावरून मान वर करून विचारणार, "ओठ जड वाटत्यात का? जिभेला खाज?" नाही म्हटलं की मग साखर मिळते.

आळेफाट्यावर माझ्या गॅरेजला लागून त्यांचं किराणा दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, पण शेठ बोलायला लागले की वाटतं, त्यांच्यापेक्षा आमच्या इथला शेतकरी बरा शुद्ध बोलतो. दुकानात सगळं मिळतं, शेंगदाणे सोडून. आमच्याकडे वाण्याकडे दाणे नसणं म्हणजे गॅरेजात पाना नसणं. एकादशीच्या आदल्या दिवशी बायका त्यांच्याकडून साबुदाणा घेतात, दाण्यांसाठी समोरच्या दुकानात जातात आणि जाता जाता शेठना चार शब्द ऐकवतात. शेठ पुडी बांधत राहतात. "अ‍ॅलर्जी आधी दबक्या आवाजात बोलती, भाऊ. ऐकलं पायजे," हे त्यांचं पालुपद.

हे ऐकण्याचं काम त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलंय. लग्नाच्या पंगतीत वाढपी मासवडीचा आग्रह करत फिरतात आणि त्यांच्या मागोमाग शेठ, "आग्रह नको. आधी इचारा. आत तीळ हाय, दाणं हायेत." यजमान हल्ली त्यांना पहिल्याच पंगतीला बसवून मोकळे होतात. मागच्या उन्हाळ्यात एका ट्रक ड्रायव्हरचा ओठ सुजलेला बघून त्यांनी मला जीप काढायला लावली. दवाखान्यात कळलं, तंबाखूत चुना जास्त झाला होता. ड्रायव्हरनं शिव्या मात्र मला दिल्या, कारण शेठ तोवर नर्सला त्याचा श्वास तपासायला सांगत होते.

शेवटी एकदा मी वैतागून म्हणालो, "शेठ, गिऱ्हाईक तुटतंय. दाणे ठेवा की."

शेठ काटा पुसत राहिले. मग म्हणाले, "माझी नात, पुण्याची. हितंच बसली व्हती. मी हातानं चिक्की भरवली. म्हणली, नानाजी, घशात टोचतंय. मला वाटलं, नखरं करती. आजून एक तुकडा भरवला, राव."

तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वास घरघरायला लागला. दवाखाना जवळ होता म्हणून पोर वाचली. तेव्हापासून मुलगी येते, नात येत नाही. ती दुकानाला भीत नाही, शेठच्या हाताला भिते. शेठनी दाण्याची पोती काढली, फळ्या धुतल्या, घरातला कूटसुद्धा बंद केला. "कवा आली तर घर तयार पायजे," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्यांची एवढी टिंगल करायला नको होती.

दिवाळीनंतरच्या रविवारी नात आली. आईचं बोट धरून पायरीवर उभी राहिली. गळ्यात औषधांची छोटी पिशवी, हातात स्वतःचा डबा. शेठनी तिला काही दिलं नाही, जवळही घेतलं नाही. आत जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि लांब स्टुलावर हात पाठीमागे धरून बसले. मी काम सोडून दारातून बघत होतो.

पोरीनं डबा उघडून पोळीभाजीचा एक घास खाल्ला. थोडा वेळ शेठकडे बघितलं. मग उठली, डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तोंड उघडून उभी राहिली.