जागा धरायला आई

खासदार युस्ताकियो दुमालाग यांची तिसरी खेप संपत आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या बायकोला, लेओनिलाला झाला. सलग तीनदाच निवडून येता येतं, हा कायदा ज्याने केला त्याच्या नावाने ती चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. नऊ वर्षं तिच्या अंगणात उजाडल्यापासून माणसांची रांग लागायची. कुणाला शवपेटी हवी, कुणाला बास्केटबॉलच्या संघासाठी शर्ट, कुणाला पोरीच्या लग्नात धर्मपिता म्हणून खासदारच हवा. या सगळ्यांना कॉफी पाजून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. एकदा तरी सकाळी आपल्या घरात निवांत बसावं, एवढंच तिला हवं होतं.

पण आमच्याकडे खासदाराची मुदत संपली तरी खुर्ची घराबाहेर जात नाही. मधली एक खेप बायकोने जागा धरायची, की नवरा पुन्हा उभा राहायला मोकळा. युस्ताकियोने तिला न विचारताच तिचे फलक रंगवून घेतले.

"मी नाही उभी राहणार," लेओनिला म्हणाली.

"अगं, मनिलाला मीच जाईन तुझ्याबरोबर. तू नुसतं हात वर करायचास."

"आणि अंगणातली रांग?"

युस्ताकियो घरातलं दुसरं कुणी शोधू लागला. भाऊ कॅनडात, मुलगी वयात बसेना. अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा त्याला नदीपलीकडे राहणारी, ऐंशी ओलांडलेली आई आठवली. सगळं गाव तिला लोला, म्हणजे आजी म्हणायचं. दिवसभर जपमाळ आणि कोंबड्या, एवढाच तिचा व्याप. नाव तिचं, कारभार आपला, असा विचार करून त्याने तिला गाडीत घातलं. म्हातारी मुकाट्याने आली. प्रचारसभांत ती लोकांना फक्त जेवलात का म्हणून विचारायची. भरघोस मतांनी निवडून आली.

शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी लोलाने फर्मान काढलं, की ज्याचं काम असेल त्याने यापुढे तिच्या घरी यायचं. युस्ताकियो कारभार हातात घ्यायला गेला, तर त्यालाही रांगेत उभं केलं. पुढे शवपेटी मागायला आलेला माणूस होता. त्याने ओळख असूनही जागा सोडली नाही.

नंबर लागल्यावर युस्ताकियोने आईला गोड आवाजात आठवण करून दिली, की ही एकच खेप, पुढच्या वेळी तो.

"का रे? तीनदा चालतं ना?"

"आई, तुझं वय बघ."

"कायद्यात जास्त वयाला बंदी नाही. जा आता, मागे माणसं ताटकळलीत. आणि जाताना कोंबड्यांना दाणे टाक."

नऊ वर्षं त्या कायद्याच्या नावाने बोटं मोडणारा युस्ताकियो घरी येऊन पोटतिडकीने बायकोला सांगू लागला. मुदत एकाच खेपेची पाहिजे, तीन म्हणजे देशाचं वाटोळं.

लेओनिला रिकाम्या अंगणात पाय पसरून बसली होती. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मला विचारशील तर," ती म्हणाली, "आईंना मुदतच नको."