समजाभाऊजींची सोयरीक

आमच्या शेजारचे दिनकरभाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी विचारतात, "मागचं दार कुठंय?" पाणी नंतर, चहा नंतर, आधी मागचं दार. नुसतं दाखवून भागत नाही. स्वतः जाऊन कडी काढून बघतात, बाहेर डोकावतात, वाटेत कांद्याची पोती नाहीतर सायकल असली तर ती हलवायला लावतात, आणि मगच येऊन टेकतात. ज्या घराला मागचं दार नाही, तिथं ते ओट्यावरच बसतात. आमच्या पुतणीच्या साखरपुड्याला नव्या व्याह्यांकडं असेच बसले. मंडळी सगळी आत, आणि हे बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी. व्याही बिचारे हात जोडून आले. "पावणं, आत चला की. आमचं काय चुकलं का?"

"तुमचं नाही, गवंड्याचं चुकलं," भाऊजी म्हणाले. "समजा, पुढच्या दाराला आग लागली तर?"

भरल्या साखरपुड्यात आगीचं नाव. विहीणबाईंनी मग दिवसभर आमच्याकडं बघितलं नाही.

'समजा' हा त्यांचा शब्द. समजा दोर तुटला, समजा लाईट गेली, समजा ब्रेक लागला नाही. गावानं त्यांचं नाव समजाभाऊ पाडलं. ते माझ्या मालकांचे चुलतभाऊ, म्हणून मी भाऊजी म्हणते. पण मनातल्या मनात मीही समजाभाऊजीच म्हणते, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

नोकरी त्यांची मोठी होती. देशात अणूपासून वीज करायच्या भट्ट्या आहेत ना, त्या सुरक्षित आहेत का हे बघणारं सरकारी मंडळ असतं, त्यात ते तपासणीला होते. अणूचं मला काय कळतंय. एकदा ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा विचारलं, "भाऊजी, तुम्ही नक्की करता काय?"

"वीज करणारे वीज करतात, वहिनी. मी त्यांना थांबा म्हणतो."

"आणि थांबतात?"

"थांबावंच लागतं. पण मग कुणी जेवायला बोलवत नाही."

रिटायर होऊन गावी आले आणि आमचं नशीब उघडलं. भट्ट्या लांब राहिल्या, आता सगळी तपासणी आमचीच. नारायणगावला जायला जीप लागली की हे आधी ड्रायव्हरला खाली उतरवणार. "स्टेपनी दाखव. टायर असा गुळगुळीत का? मागं लोंबकळणारे ते तिघं खाली घे." जीपवाल्यांनी शेवटी ठरवूनच टाकलं. भाऊजी लांबून दिसले की ओरडायचे, "बाबा, तुमी येष्टीनं या, येष्टी लई सुरक्षित." आणि धुरळा उडवत निघून जायचे. मग भाऊजी उन्हात एस्टीची वाट बघत उभे.

यात्रेतल्या पाळण्याचं तर विचारूच नका. लोखंडी मोठा पाळणा आला होता, पोरं सकाळपासून नाचत होती. भाऊजींनी खाली वाकून बघितलं, तर एका जागी बोल्टच्या ऐवजी तार पिळलेली. झालं. पाळण्याच्या खाली मांडी घालून बसले ते उठेनात. पाळणेवाला पाया पडला, सरपंच विनवून थकले, बायकांनी तळतळाट दिले. शेवटी पाळणेवाल्यानं बाडबिस्तरा उचलला आणि पलीकडच्या गावच्या यात्रेत जाऊन त्याच तारेवर पाळणा फिरवला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पारावर जो तो म्हणे, "बगा, झालं का काय? उगं पोरान्ला रडवलं."

तेव्हा मला भाऊजींच्या धंद्याची मेख कळली. काही झालं नाही, तर लोक म्हणतात हा उगाच भुंकत होता. आणि झालं, तर म्हणतील हा तेव्हा कुठं मेला होता. असला धंदा माणसानं कशाला पत्करावा?

आणि पिंजरा. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, हे काय नवीन नाही. आमच्या मळ्याकडं पिंजरा लावला होता, आमिषाला मागच्या कप्प्यात बोकड. भाऊजी सकाळी फिरायला गेले आणि त्यांना वाटलं, समजा बिबट्या आला आणि दार पडलंच नाही तर? म्हणून आत जाऊन, पाय पडला की दार पाडते ती फळी स्वतः दाबून बघितली. दार पडलं. मग वनखात्याची माणसं येईपर्यंत भाऊजी आणि बोकड, मध्ये जाळी. अख्खं गाव बघायला गेलं, मीही गेले. बाहेर आल्यावर पँट झटकली आणि म्हणाले, "दार उत्तम आहे." आयुष्यात समजाभाऊंनी पास केलेली ही एकच वस्तू, असं गावात अजून सांगतात.

हसायचं तेवढं हसून झालं. आता पुढचं सांगते.

भाऊजींना एकच मुलगा, नितीन. तोही इंजिनियर, आणि नेमका अणुवीज केंद्रातच लागलेला, समुद्रकाठी कुठंतरी. बायको, एक मुलगी, तिथल्याच कॉलनीत बिऱ्हाड. भाऊजी त्या केंद्राच्या तपासणीला जात नसत, मुलगा तिथं म्हणून नियमानं जाता येत नसे. पण त्यांनी दुसरीकडं एका भट्टीत काहीतरी खोट काढली, आणि तसलंच सामान सगळीकडं असेल, सगळीकडं बघा, असं लिहून दिलं. नितीनच्या केंद्रातली भट्टीही बंद करावी लागली. चांगले बरेच महिने बंद राहिली. कॉलनीत सुनेला बायका टोमणे मारायच्या, नितीनचं प्रमोशन अडकलं. त्यानं बापाला फोनवर सांगितलं, "बाबा, सगळ्या जगाला थांबवलंत, आता माझ्या घरी यायचं तुम्ही थांबा." नात तेव्हा तीन वर्षांची होती. जिजी गेल्या तेव्हा नितीन एकटा आला, तेरावं करून एकटाच गेला.

जिजी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. तिनं जाताना मला सांगितलं होतं, यांच्याकडं बघा. म्हणून मी बघते.

तर मागच्या पावसाळ्यानंतर भाऊजी एकदा आमच्या ओट्यावर आले आणि मागचं दार न विचारताच बसले. मला वाटलं, तब्येत बिघडली. म्हणाले, "वहिनी, मंडळाचा अध्यक्ष नेमायचाय. मी अर्ज केला होता. शेवटच्या तिघांत माझं नाव आहे."

"अध्यक्ष म्हणजे सगळ्यात वरचा?"

"सगळ्यात वरचा." मग म्हणाले, "नितीनचा फोन आला होता."

खरी बातमी ही होती, ती त्यांनी मागून सांगितली. नितीन म्हणाला होता, बाबा, झालं तर फार चांगलं होईल, दिवाळीला आम्ही तिघं गावी येतो. आता बघा, मुलगा बापाच्या खुर्चीला भेटायला येणार होता, बापाला नाही. मला हे तेव्हाच कडू लागलं. पण भाऊजींचा चेहरा असा काही झाला होता की मी साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली.

एवढ्या मोठ्या जागेवर माणूस नेमायचा तर म्हणे त्याच्या गावात येऊन चौकशी करतात, माणूस कसा आहे, चाल कशी आहे. आमच्या सरपंचांना हे कळलं आणि त्यांनी पारावर सगळ्यांना गोळा केलं. आमच्याकडं चौकशी म्हटली की एकच माहीत, स्थळाची. मुलीकडचे नाहीतर मुलाकडचे येऊन शेजारीपाजारी विचारतात, आणि गाव कधीही सोयरीक मोडत नाही. पोरगा दिवसा पिऊन पडत असला तरी आम्ही सांगतो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. हे पुण्याचं काम आहे असं आम्ही मानतो, आणि किती पोरींची त्यात वाट लागली ते कुणी विचारत नाही.

सरपंच म्हणाले, "हे बगा, आपला मानूस दिल्लीनं निवडायचा हाये. पाळणा न्हाई, पिंजरा न्हाई, जीप न्हाई. सोयरीक हाये असं समजून बोलायचं."

पाहुणे आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. भाऊजी नारायणगावला गेलेले. पांढरी गाडी, दोघं साहेब, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. सरपंचांनी पारावर खुर्च्या टाकल्या, मला चहा करायला बोलावलं, शेजारीण म्हणून.

"स्वभाव कसा आहे?" बोलणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"लई गरीब," सरपंच म्हणाले. "कुनाला कदी न्हाई म्हनत न्हाईत."

"अडवणूक वगैरे?"

ज्याच्या जीपमधून भाऊजींनी तिघांना खाली उतरवलं होतं, तोच शिरपा पुढं झाला. "छ्या, अडवनूक? त्येंचा सबावच न्हाई त्यो. म्हनतात, चालू द्या, जाऊ द्या. लई समजून घेनारा मानूस."

"कुणाशी भांडण?"

"गावात सगळ्यांशी गोड."

साहेब खूष झाले. लिहिणाऱ्याकडं वळून म्हणाले, "अशी सांभाळून घेणारी माणसं फार कमी असतात." आणि माझ्याकडं बघितलं. "आजी, तुम्ही शेजारी. तुम्ही सांगा."

मी सांगितलं, "माणूस सोन्यासारखा आहे." हे खोटं नव्हतं, म्हणून बरं.

तेवढ्यात एस्टी आली. भाऊजी हातात टोमॅटोची पिशवी घेऊन उतरले, पाराच्या मागं उभे राहिले, आणि शिरपा पुन्हा रंगात येऊन सांगत होता ते त्यांनी ऐकलं. मला ते दिसले. मी मान हलवून नको नको केलं. पण तो माणूस काय थांबणार.

पुढं आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "साहेब, यातलं काही लिहू नका. ही माणसं माझ्या भल्यासाठी खोटं बोलतायत."

सरपंच म्हणाले, "भाऊ, गप बसा हो जरा."

"याच्या जीपमध्ये मी बसत नाही. यात्रेतला पाळणा मी बंद पाडला. माझ्या मुलाच्या कामाच्या जागेवरची भट्टी माझ्या रिपोर्टानं बंद झाली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन. मी सांभाळून घेत नाही. सांभाळून घेणारा माणूस तिथं बसवायचाच नसतो. तुम्ही चौकशी त्यासाठीच करताय ना?"

साहेबांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि नम्रपणे म्हणाले, "आम्ही सगळ्यांचंच लिहून घेतो." गाडी गेली. शिरपा म्हणाला, "भाऊ, तुमची सोयरीक तुमीच मोडली राव."

कुणाला घेतलं ते पुढं टीव्हीवर दिसलं. हसतमुख गृहस्थ होते, चांगलेही असतील, मी कशाला कुणाला नावं ठेवू. भाऊजींना का नाही घेतलं, त्या दिवसामुळं की आणखी कशामुळं, हे कुणी कधी कळवलं नाही. गावानं मात्र निकाल लावून टाकला, की समजाभाऊला स्वतःचं भलंसुद्धा पास करता येत नाही. गावच्या माणसाला अध्यक्ष करून आपल्या कामांची सोय लावायची होती सरपंचांना, त्यांचा राग तर अजून गेलेला नाही.

नितीनचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते, मुगाची आमटी घेऊन गेले होते. फोनमधला आवाज मला ऐकू येत होता. "बाबा, फक्त गप्प बसायचं होतं." मग, दिवाळीला सुट्टी मिळत नाही. भाऊजी म्हणाले, "बरं. भट्टीच्या बाजूच्या रस्त्यानं तिला शाळेला पाठवू नकोस, लांबून पाठव." पलीकडून फोन कधीच बंद झाला होता.

मी म्हणाले, "भाऊजी, एकदा, फक्त एकदा गप्प बसला असता. नात दिसली असती."

"तीच राहते ना तिथं," ते म्हणाले. "तिच्या घरामागंच आहे सगळं."

आमटी ठेवायला आतल्या खोलीत गेले. जिजी गेल्यापासून त्या खोलीत मी गेले नव्हते. दिवाळीची तयारी केलेली दिसत होती. खिडकीला नवी जाळी. लाकडी पलंगाच्या, टेबलाच्या, कपाटाच्या सगळ्या कोपऱ्यांना जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळून दोऱ्यानं बांधलेल्या. भिंतीवरच्या खालच्या सॉकेटांना पट्ट्या चिकटवलेल्या. तीन वर्षांचं लेकरू धडपडेल, हात घालील, तेवढ्याच उंचीवर सगळं.

"भाऊजी," मी म्हणाले, "ती आता आठवीत असेल ना?"

"आठवीतच आहे." ते दारात उभे होते. "पण माझ्याकडं तिची उंची तेवढीच आहे, वहिनी."

टेबलाच्या एका कोपऱ्याची चिंधी सुटून लोंबत होती. मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि ती पुन्हा नीट गुंडाळून घट्ट बांधली.