बारा मिनिटांचा सौजन्यमार्ग

बंदरापासून बाजारापर्यंत चालत बारा मिनिटे लागतात. निदान साधी पायवाट होती तोवर तेवढीच लागत. मग तिथे फरशी बसली, मधोमध पिवळा पट्टा आला, आणि सायकली, पर्यटक, वजन घटवणारे आणि मासळीच्या पाट्या या सर्वांसाठी मिळून एकच 'सौजन्यमार्ग' जाहीर झाला. त्यावर शिष्टाचार समितीही नेमली गेली.

यशोदाबाई वीस वर्षे डोक्यावर पाटी घेऊन तिथूनच जात होत्या. नऊच्या आत जितेंद्रच्या खानावळीत बांगडे पोचवायचे. उशीर झाला की बांगडा मऊ पडतो, आणि मऊ बांगडा जितेंद्र परत पाठवतो.

पहिल्याच आठवड्यात एका सायकलवाल्याने घंटी न वाजवता एका आजोबांना ओलांडले. आजोबा दचकले. समितीने दोन बैठका घेऊन नियम केला : पुढे जाणाऱ्याने आधी तोंडी सूचना द्यावी, सूचना मिळालेल्याने सौजन्यपूर्वक उत्तर द्यावे.

नियमात चूक काहीच नव्हती. फक्त सौजन्यपूर्वक उत्तर म्हणजे काय, ते लिहायचे राहिले. आपल्याकडे ते एकच असते. जाणाऱ्याला "खंय?" म्हणजे कुठे निघालात, असे विचारायचे. न विचारणारा माजलेला, आणि विचारल्यावर न थांबणारा त्याहून माजलेला.

सोमवारी यशोदाबाईंनी पुढच्या बाईला सूचना दिली, "गो बाय, उजव्या बाजून जातंय हां."

पुढची बाई, सारिका, वळून उभीच राहिली. "खंय चललंस?"

"बाजारात. बांगडे आसत."

"तू मसुऱ्याची मा? आंगणेवाडीच्या जत्रेक तुका बघलंय."

"ती माझी भैण."

"अगो! बरी आसा मा ती?"

बहीण बरी होती. तिच्या सासूचे गुडघे बरे नव्हते. बोलणे गुडघ्यांपर्यंत पोचले तोवर मागे अकरा माणसे आणि चार सायकली जमल्या होत्या, आणि सगळी एकमेकांना सूचना देत होती.

समितीने तातडीने उपाय केला. दर पन्नास पावलांवर 'चौकशी थांबा' उभारला. बोलायचे ते तिथेच. थांब्यापुढे रांग लागली. रांगेत पुढे सरकण्यापूर्वी सूचना आवश्यक झाली. सूचनेला उत्तर होतेच.

शेवटी यशोदाबाई वैतागून शेजारच्या वाळूत उतरल्या. समितीचे अध्यक्ष दत्ताराम, निवृत्त हेडक्लार्क, शिट्टी वाजवत धावत आले.

"बाई, मार्ग सोडणे हा सौजन्यभंग आहे."

"अहो भाऊ, बांगडे मऊ पडतत!"

"अर्ज करा. मऊ होणाऱ्या वस्तूंसाठी स्वतंत्र मार्गिका विचाराधीन आहे." मग शिट्टी खाली घेत ते आपुलकीने म्हणाले, "पण तू चललंस खंय?"

महिनाअखेर अहवाल आला. अपघात शून्य. धक्काबुक्की शून्य. वेग शून्याच्या आसपास. मार्गाला 'आदर्श' असा फलक लागला आणि पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले.

फलक लागला त्या दिवशी यशोदाबाई साडेबाराला पोचल्या. जितेंद्रने बांगड्यावर बोट दाबले. खळगा तसाच राहिला.

"ह्ये परत व्हर," तो म्हणाला.

"व्हरतंय. बदली घेवन येयपर्यंत रात होतली. त्याच वाटेन जावक होया."

जितेंद्रने बाहेर पाहिले. चाळीस गिऱ्हाईके ताटे मांडून बसली होती. त्याने आत हाक मारली, "मसालो वायच जास्त घाल रे!"

ताटे गेली. एकानेही तक्रार केली नाही. सगळे नुकतेच सौजन्यमार्गावरून चालून आले होते ना!

"कसो वाटलो मासो?" जितेंद्रने भीत भीत विचारले.

"वा! अगदी ताजा!" खिडकीजवळच्या टेबलावरून तुम्हीच म्हणालात. पाच तारेही दिलेत.