लेथवरचे खुशालराव

मनोजचा फायदा सरळ होता. त्याचे सासरे खुशालराव यांचं बडनेरा रोडवरचं शेड चार वर्षांपासून रिकामं पडलेलं. ते मिळालं की अमरावतीतल्या आमच्या वर्कशॉपातून सुटका! इथे दोन माणसं समोरासमोर आली की एकाला रस्त्यावर जाऊन वाट द्यावी लागते. आणि हा फायदा घडवून आणणारं डोकं माझं! मी देवराव. मनोजच्या वर्कशॉपचा हिशेब लिहितो आणि न मागता सल्ले देतो.

आमच्याकडे मशीनला नाव असतं. ड्रिल म्हणजे भागीरथा. कंप्रेसर म्हणजे सुंदराबाई, कारण दर वीस मिनिटांनी ती आपणहून कुरकुरते. लोखंड कातायचं मोठं लेथ तेवढं बिननावाचं होतं.

"मनोज, लेथले मामाजीचं नाव दे! दसऱ्याले बोलाव, हार घाल, अन् तोंडात पेढा असतानाच शेडचं बोल!"

"देवरावभाऊ, तुमी त कलेक्टर पायजे होते!"

लेथवर लाल अक्षरं पडली: 'श्री. खुशालराव'. एक बारीक गोष्ट मात्र मी धरलीच नव्हती. त्या लेथचा स्टार्टर चिकटतो. बटण दाबलं की रुसलेल्या म्हशीसारखा नुसता हुंकार! खालच्या पत्र्यावर सणसणीत लात बसली की सुरू!

दुसऱ्याच दिवशी मनोजची बायको प्रणाली डबा घेऊन आली, आणि लेथ चालवणारा आमचा तीस वर्षांपासूनचा टर्नर चंदन याने तेव्हाच लात हाणली.

"चंदनभाऊ! माह्या बाबाले लात?"

मनोज म्हणाला, स्टार्टर बदलून टाकू. मी म्हटलं, "कायले खर्च? लात फुकट हाये!"

तोडगा चंदननेच काढला. कुणाला चुकून पाय लागला की आपण हात लावून कपाळाला नेतो, तसंच! लात मारायची, लगेच वाकून लेथला हात लावायचा आणि म्हणायचं, "माफ करा, खुशालराव." आठ दिवसांत त्याचं हे श्वासोच्छ्वासासारखं झालं.

दसऱ्याला खुशालराव कडक इस्त्रीत अंजनगाव सुर्जीहून आले. सोबत सासूबाई आशाबाई. नाव पाहून खुशालरावांचे डोळे भरून आले. मी निर्धास्त होतो. दसऱ्याला मशीन विसावतात, त्या दिवशी चालू कोण करतं?

"चालू करून दाखवा!" गळ्यात हार, तोंडात पेढा घेऊन खुशालराव खुर्चीत बसत म्हणाले.

"मामाजी, आज मशीनले आराम असते," मनोज चाचरला.

"माह्या नावाची हाये ना? मीच सांगून राहिलो, दाब!"

मनोजने बटण दाबलं. हुंकार. पुन्हा दाबलं. हुंकार! चंदनच्या हातात पेढ्यांचं ताट होतं, पण पाय मोकळा होता. धाडकन लात! लेथ भरधाव सुटलं. चंदन सवयीने वाकला, अर्ध्यात थांबला, वळला, ताट बाजूला ठेवलं आणि थेट खुर्चीपाशी जाऊन त्याने खुशालरावांचे पाय धरले.

"माफ करा, खुशालराव."

"कायची माफी?"

"लातेची जी. रोज मशीनचीच मांगतो. आज तुमी सोता हजर हाये."

"रोज?"

"वीस-पंचवीस डाव. सणावाराले कमी."

पेढा खुशालरावांच्या गालातच राहिला. मला शेड डोळ्यांसमोर दूर दूर जाताना दिसू लागलं. एवढ्यात आशाबाई पदर तोंडात कोंबून हसू लागल्या.

"एकाच लातेत उठले? घरी हाका मारू मारू माहा घसा बसते!"

"चूप बस!"

"काहून चूप? तुमच्या नावानं एवढं काम होऊन राहिलं, जल्मात पैल्यांदा पाह्यलं मी!" त्यांनी बटव्यातून किल्ली काढून प्रणालीच्या हातावर ठेवली. "घे पोरी. शेड माह्या नावावर हाये."

म्हणजे मी चुकीच्या माणसाला हार घातला होता!

खुशालराव ताडकन उठले. "शेड घ्या! पन माहं नाव आत्ताच्या आत्ता पुसा! अन् हे डोकं कोनाचं?"

सगळी बोटं माझ्याकडे वळली. चंदनचंसुद्धा!

तर आता मनोजला शेड मिळालंय, आशाबाईंना वर्षभराचं हसू आणि खुशालरावांना त्यांची इज्जत परत. लेथवर 'देवराव' लिहिलंय. स्टार्टर अजून तसाच आहे. रोजच्या पंचवीस लाता माझ्या खात्यावर! आणि चंदन आता वाकतही नाही.

"कायले माफी, देवरावभाऊ?" म्हणतो. "तुमी त घरचेच!"