काहीही न ऐकणारा डबा

परदेशी सत्ता घरातून हाकलायची, असं मी एके दिवशी ठरवलं. सत्ता म्हणजे फडताळावरचा, इंटरनेटवर चालणारा बोलका डबा. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा "बाबा, तेवढीच सोबत" म्हणून लेकीने तो पाठवून दिला होता.

ऑफिसात हेडक्लार्क म्हणाले, "परदेशी कंपनीचा कान घरात ठेवता? सगळं ऐकतो तो! हे नैतिक आहे का?" मला एकदम पटलं. (मला कुणाचंही एकदम पटतं. लग्नही तसंच झालं.) परका डबा माळ्यावर गेला. फोनही परदेशी, म्हणून बंद करून कपाटात ठेवला.

देशी डबा आणला. खोक्यावर ठळक छापलं होतं : 'आम्ही तुमचं काहीही ऐकत नाही.' हे तंतोतंत खरं निघालं.

"भाजी करपली रे," मी म्हणालो.

मी डब्याजवळ जाऊन ओरडलो.

"अरे, करपली!"

"आपण काही बोललात का?"

"हो, भाजी..."

"धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो."

परका मेला निदान "अरेरे" तरी म्हणायचा. खरं सांगतो, मला घर खायला उठलं. चोर असला तरी तो माझं ऐकून घ्यायचा; या सज्जनाला माझ्याशी काही घेणंदेणंच नव्हतं. मग दोघांत नीतिमान कोण? मी देशी डब्यालाच विचारलं. तो म्हणाला, "पुन्हा सांगा." तीनदा सांगितलं आणि नाद सोडला. बोलायला दुसरं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी दार धडाधड वाजलं. मी उठेपर्यंत किल्लीवाल्याने कुलूप उघडलंसुद्धा. मागे शेजारच्या वकीलबाई, कानाला फोन. "वहिनी, जिवंत आहेत! बनियनवर आहेत!"

मी फोन घेतला. बायको रडत होती.

"अहो, तुम्ही लेकीच्या त्या डब्याशी बोललात की इकडे तिच्या फोनवर हिरवा ठिपका उमटतो. कालपासून उमटलाच नाही. तुमचा फोनही बंद! माझा जीव थाऱ्यावर नव्हता हो."

म्हणजे मी एकटा नव्हतोच. माझी भाजी, माझा गुडघा, हेडक्लार्कच्या नावाने घातलेल्या शिव्या, सगळं ही तिकडे बसून ऐकत होती! उभ्या संसारात माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

"म्हणजे तू रोज माझं सगळं बोलणं ऐकायचीस?" मी हळूच विचारलं.

"छे हो! आवाज पहिल्याच दिवशी बंद केला. नुसता ठिपका बघायचे."