शिंदीचा पहारा

देवाजींनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता. गळ्यात माळ, वनविभागात मजुरी आणि आसगावच्या व्यसनमुक्ती समितीचं अध्यक्षपद, एवढंच त्यांचं वैभव. येत्या एकादशीला त्यांचा सत्कार होता आणि त्यासाठी बायकोनं, ललिताबाईंनी, पेटीतलं ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं होतं.

नाल्याकाठच्या जंगलात शिंदी भारी माजली होती. तिच्या दाटीत मोहाचं रोप तग धरेना. म्हणून साहेबांनी देवाजींना गिरमिट आणि तणनाशकाची बाटली दिली. खोडाला तिरपं भोक पाडायचं, औषध ओतायचं, वरून चिखल लिंपायचा. महिन्याभरात झाड वाळतं. देवाजींनी दिवसात बारा झाडं उरकली.

तिथंच घात झाला. शिंदीच्या खोडातून ताडीसारखा नशेचा रस निघतो; तिथं भोक पाडून हातात बाटली धरणाऱ्या माणसाला या मुलखात पिणाराच समजतात. संध्याकाळी गावातला नामांकित पिणारा भैय्यालाल येऊन चिखल उकरू लागला.

"अरे, विष आहे ते! मरशीन!" देवाजी ओरडले.

"एकटेच पेता का जी, अध्यक्ष? आमालेबी द्या ना थोडी."

देवाजींनी 'विष' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी चौघे आले. "पाटी लावली म्हंजे माल पक्का आहे," भैय्यालालनं त्यांना समजावलं.

उद्या कोणी खरंच मेला तर? देवाजींनी साहेबांना फोन केला. "झाडं वाळेपर्यंत तुम्हीच लक्ष ठेवा," साहेब म्हणाले. मग काय, देवाजी शिदोरी घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शिंदीखाली बसू लागले.

चौथ्या दिवशी समितीच्या राधाबाई बायका घेऊन आल्या.

"काहून बसून राहिले जी इथं?"

"पिणाऱ्यायले वाचवून राहिलो, बाई."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकं सुरेख कारण त्यांच्या नवऱ्यांनाही कधी सुचलं नव्हतं. सत्कार रद्द झाला, अध्यक्षपदही गेलं.

"खरं सांगा, एक घोट तरी घेतला का?" ललिताबाईंनी विचारलं.

"घेतला असता त मेलो नसतो का वो!"

"मंग रोज डोळे लाल कायले दिसते?"

"ऊन लागते ना दिवसभर!"

ललिताबाईंनी लुगडं पुन्हा पेटीत ठेवलं. देवाजींना त्या रात्री भाकर गेली नाही.

महिन्यानं बाराही शिंदी वाळल्या, झावळ्या लोंबल्या. देवाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अख्खं गाव नाल्यावर नेलं.

"पाहा! आता तरी पटलं का?"

भैय्यालाल पुढे आला, टोपी काढली आणि देवाजींच्या पाया पडला.

"पटलं, महाराज. झाड वाळेपर्यंत पेणारा माणूस मी आजच पाह्यला."